पत

माझ्या पहिल्या पावतीपुस्तकात पन्नास पावत्या होत्या आणि त्यातली पहिली फाडायला मला चार दिवस लागले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. गिरगावातल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेला राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं होतं. तालमीच्या खोलीचं भाडं थकलेलं, नेपथ्याला लाकूड हवं, दिवे भाड्याने आणायचे. चिटणीसांनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं, पानांमध्ये कार्बन कसा सरकवायचा ते दाखवलं आणि म्हणाले, "ठाकूरद्वारपासून सुरू कर." तीन दिवस मी नुसती दुकानांवरून चालत राहिले. पायरीपर्यंत जायचं, आत गिऱ्हाईक दिसलं की हायसं वाटायचं आणि पुढे सरकायचं. चौथ्या दिवशी एका बाइंडिंगवाल्यांच्या दुकानात शिरले, कारण आत कोणीच नव्हतं आणि माझ्याजवळ सबब उरली नव्हती.

ते काका जमाखर्चाच्या वह्या बांधत बसले होते. खळीचा आंबूस वास, पुठ्ठ्यांची चळत, शेजारी लाल कापडाच्या पट्ट्या. मी पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. नाटक कोणतं, कोणी लिहिलंय, स्पर्धा कधी, संस्था किती जुनी. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. माझं बोलणं संपल्यावर फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "ते राहू दे. पुढच्या वर्षी तूच येणार का, तेवढं सांग."

मी हो म्हटलं. त्यांनी एकावन्न रुपये दिले. पावती घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली, सही नीट उमटली आहे का ते पाहिलं आणि भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवली. तिथे आधीच्या कितीतरी वर्षांच्या पावत्या होत्या. गणपतीच्या, व्यायामशाळेच्या, वाचनालयाच्या. खालच्या पावत्या पिवळ्या पडल्या होत्या.

त्या प्रश्नाचा अर्थ मला लगेच कळला नाही. कळला तो बऱ्याच वर्षांनी, आणि तोही एका अशा माणसामुळे, ज्याच्या नावाच्या रस्त्यावर मी त्या दिवशी उभी होते. दुकानाच्या पाटीवर पत्ता होता, "जे. एस. एस. रोड". आम्ही सगळे तसंच म्हणायचो. टपालावर तसंच लिहायचो. ही तीन अक्षरं म्हणजे जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना, हे ठाऊक असणं वेगळं आणि तो माणूस ठाऊक असणं वेगळं. आमच्या पिढीला त्यांची ओळख दोनच गोष्टींनी. एक म्हणजे मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शंकरशेट शिष्यवृत्ती, जी 1912 साली चिंतामणराव देशमुखांना मिळाली होती आणि आमच्या संस्कृतच्या बाई दर वर्षी ते न चुकता सांगत. दुसरी म्हणजे रेल्वे. मुंबईत पहिली आगगाडी आणणाऱ्यांमध्ये नाना होते, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत होतं.

नाटकाचा त्यांच्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं. तो कळला, तेव्हा मी वर्गण्या मागायला लागून दहा वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर थकले होते.

नाना जन्मले 10 फेब्रुवारी 1803 रोजी, मुरबाडला. आडनाव मुरकुटे, जात दैवज्ञ, घर श्रीमंत व्यापाऱ्याचं. 1822 साली वडील गेले आणि एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात मोठी पेढी आली. त्या पेढीबद्दलची एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी मुंबईत येत, तेव्हा आपली पुंजी बँकेत ठेवण्याऐवजी नानांकडे ठेवत. वेगळा मुलूख, वेगळी भाषा, वेगळा धर्म. गलबत परत कधी येईल त्याचा भरवसा नाही. तरी माणूस आपलं सगळं त्यांच्या हवाली करून समुद्रावर जात होता.

याला आपल्याकडे पत म्हणतात. पैसा आणि पत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ज्याने कधी दुसऱ्यासाठी मागितलं आहे त्याला न सांगता कळतं. पैसा देताना माणूस आपल्याजवळचं देतो. मागताना मात्र आपला शब्द गहाण टाकावा लागतो. देणाऱ्याचं नाव संगमरवरावर कोरलं जातं आणि ते योग्यच आहे. पण त्या देणाऱ्याच्या दारात कोण गेलं होतं, किती वेळा गेलं होतं, "उद्या या" ऐकून उद्या खरंच कोण गेलं होतं, याची पाटी कुठेच लागत नाही. नानांना इतिहासाने दानशूर म्हणून लक्षात ठेवलं. मला मात्र त्यांच्यातला मागणारा जास्त जवळचा वाटतो. त्यांनी दिलं भरपूरच, पण स्वतः देऊ शकत असतानाही ते चार लोकांना बरोबर घेऊन मागायला उभे राहिले. माझ्या मते त्यांचं मोठेपण तिथे आहे.

मुंबईच्या किल्ल्यात, आज हॉर्निमन सर्कल आहे त्या भागात, पूर्वी मोकळं मैदान होतं. बॉम्बे ग्रीन. त्या मैदानावर 1776 साली साहेबलोकांनी वर्गणी काढून एक नाटकघर बांधलं. वर्गणीतून बांधलेल्या वास्तूंचं जे होतं तेच त्याचंही झालं. बांधताना उत्साह, चालवताना कर्ज. हौशी गोरे अधिकारी नाटकं करत, प्रेक्षक कधी येत कधी न येत, दुरुस्त्या निघत. कर्ज इतकं चढलं की 1835 साली ते नाटकघर लिलावात निघालं. देणी फिटली, थोडी रक्कम उरली, ती सरकारी खजिन्यात जाऊन पडली आणि मुंबईला नाटकघर राहिलं नाही.

ही उरलेली रक्कम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. संस्थेच्या खात्यावर उरलेली, कोणाचीच नसलेली, हळूहळू विसरली जाणारी रक्कम काय असते ते मी जवळून पाहिलं आहे. तिला वाली नसेल तर ती जिरते. त्या रकमेला वाली मिळाला. मुंबईकरांनी सरकारकडे अर्ज केला, की शहराला पुन्हा नाटकघर हवं आहे आणि त्या पैशांचा विनियोग त्यासाठीच व्हावा. साल 1840. अर्जावर सह्या करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते, जमशेटजी जीजीभाई होते, फ्रामजी कावसजी होते.

इथे जरा थांबावंसं वाटतं. 1840 मध्ये मराठी नाटक अस्तित्वात नव्हतं. विष्णुदास भाव्यांचं "सीतास्वयंवर" सांगलीला व्हायला अजून तीन वर्षं होती. या सह्या करणाऱ्यांच्या भाषेत रंगभूमी म्हणावी अशी गोष्टच नव्हती. तमाशा होता, दशावतार होता, लळितं होती, कीर्तनं होती, पण पडदा, तिकीट आणि खुर्च्या असलेलं नाटकघर ही साहेबाची चैन होती. मग हे सह्या का करत होते? साहेबाची मर्जी राखायला, असं एक उत्तर देता येतं आणि त्यात थोडं तथ्य असेलही. पण मर्जी राखणारा सही करून घरी जातो. नाना सही करून थांबले नाहीत. जागेचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी ग्रँट रोडवरची स्वतःची जमीन दिली. 1846 साली त्या जमिनीवर नाटकघर उभं राहिलं.

ते साहेबलोकांना फारसं पचलं नाही. किल्ल्यातून रात्रीच्या वेळी ग्रँट रोडला यायचं म्हणजे घोडागाडीचा लांबचा फेरा, तेव्हाची ती वस्ती गावाबाहेरची. तिकिटंही महाग. गोरा प्रेक्षक पातळ होत गेला. नाटकघर पुन्हा त्याच वाटेने चाललं असतं, लिलावाच्या.

आणि मग 1853 उजाडलं.

सांगलीला भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी पहिलं नाटक केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली. राजाने सांगितलं, राजाने पोसलं. 1851 साली चिंतामणराव गेले आणि भाव्यांच्या मंडळीवर जगायचं कसं हा प्रश्न आला. राजा नाही म्हणजे पगार नाही, दिवाबत्ती नाही, पोशाख नाहीत. भाव्यांनी गाड्या जोडल्या आणि गावोगाव निघाले. पुणं, मुंबई. रोजच्या खेळावर रोजची चूल. 1853 साली ते मुंबईत आले, गिरगावात खेळ केले आणि मग ग्रँट रोडच्या नाटकघरात उभे राहिले. मराठी नाटक पहिल्यांदा पक्क्या नाटकघरात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभं राहिलं, ते नानांच्या जमिनीवर. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच रंगमंचावर पारशी नाटकमंडळीने गुजरातीतून पाऊल ठेवलं. नोव्हेंबरात भाव्यांनी "राजा गोपीचंद" हिंदुस्थानीत केलं. एका वर्षात तीन भाषा. आणि त्याच वर्षी 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, जिची आठवण मात्र सगळ्यांना आहे.

मला गाडीबद्दल आकस नाही. जी. आय. पी. रेल्वेच्या मुंबईतल्या समितीत नाना होते, 1845 पासून त्या कामामागे होते आणि ते थोर कामच आहे. पण गाडी आज ना उद्या आलीच असती. इंग्रजाला कापूस बंदरावर आणायचा होता, त्यासाठी तो रूळ टाकणारच होता. नाटकघराचं तसं नव्हतं. त्यातून कोणालाच काही मिळणार नव्हतं. ते झालं नसतं तर ते झालं नाही म्हणून कोणी हळहळलंही नसतं. राजा गेल्यावर भाव्यांची मंडळी मुंबईला आली तेव्हा शहरात त्यांच्यासाठी एक छप्पर तयार होतं. ज्यांनी ते केलं त्यांना भावे कोण हे करताना माहीत नव्हतं. राजाची जागा शहराने घेतली, आणि शहर म्हणजे अखेर सह्या करणारी आणि दारोदार जाणारी काही माणसं.

त्या नाटकघराची आज वीटही शिल्लक नाही. पण त्याच्या मागोमाग त्या भागात एकापाठोपाठ एक नाटकघरं झाली. इंग्रजीत प्ले हाऊस. लोकांच्या तोंडी त्याचं "पिला हाऊस" झालं. आजही बसचा कंडक्टर पिला हाऊस म्हणतो. मी एकदा मुद्दाम तिथे गेले, दुपारच्या वेळी. हातगाड्या, लाकडी जिन्यांच्या जुन्या इमारती, भर रस्त्यात झोपलेली कुत्री. एका पानवाल्या भय्याला विचारलं, "पिला हाऊस कुठे?" त्याने हात गोल फिरवला आणि म्हणाला, "यही तो है, सब." मग मी तिथून चालत नाना चौकात गेले. नाना चौकातला नाना कोण, हे मात्र मी त्या दिवशी कोणाला विचारलं नाही. नकोसं उत्तर आलं असतं तर सहन झालं नसतं.

माझ्या थकण्याबद्दल सांगायचं राहिलं.

वर्गण्यांवर संस्था चालत नाही, म्हणून आम्ही स्मरणिका काढायला लागलो होतो. स्मरणिका म्हणजे आमच्यासारख्यांचं वर्षाचं धान्य. मागच्या कव्हराचा दर सगळ्यात जास्त, मग आतली कव्हरं, मग पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान. त्याखाली "हितचिंतक" म्हणून नुसती नावं. त्या वर्षी एका मोठ्या कंपनीने मागचं कव्हर आणि शिवाय प्रयोगाचं प्रायोजकत्व कबूल केलं. तोंडी कबूल केलं, पण इतक्या आपुलकीने, की लेखी मागायची मला लाज वाटली. त्या भरवशावर मी दिवेवाल्यांना शब्द दिला, नेपथ्याचा सुतार ठरवला. प्रयोगाच्या नऊ दिवस आधी कळलं की त्या वर्षीचं त्यांचं अंदाजपत्रक संपलं आहे. फोनवरचा आवाज तितकाच आपुलकीचा होता.

रात्री घरी हिशेब मांडून बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे आपलं काम नाही. मला अभिनय येत होता, थोडंफार लिहिता येत होतं. मी या पावत्यांच्या मागे दहा वर्षं का घालवली? सकाळी दिवेवाल्यांकडे गेले. म्हटलं, पैसे आत्ता नाहीत, आठ महिन्यांत देईन, नको असेल तर सांगा. ते सर्किट दुरुस्त करत होते. त्यांनी विचारलं, "पैसे संस्था देणार की तुम्ही?" मी म्हटलं, संस्थेने नाही दिले तर मी देईन. ते म्हणाले, "मग ठीक आहे. संध्याकाळी टेम्पो पाठवतो."

ते पैसे फिटायला अकरा महिने लागले. पण त्या सकाळी बाइंडिंगवाल्या काकांचा प्रश्न मला कळला. पुढच्या वर्षी तूच येणार का, असं विचारताना त्यांनी माझी पत मोजली होती. नाटक चांगलं की वाईट याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना माणूस जागेवर सापडायला हवा होता. त्याच सुमारास नानांवर वाचायला घेतलं आणि अरब व्यापाऱ्यांची ती हकिगत भेटली. एकावन्न रुपये असोत की गलबतभर सोनं, प्रश्न तोच होता. मी परत येईन तेव्हा तू इथेच असशील का?

नाना तिथेच होते, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की पुन्हा पुन्हा दिसतं. एल्फिन्स्टन साहेब 1827 साली गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या सन्मानार्थ सव्वादोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि ते शिक्षक नेमण्यासाठी वापरायचे ठरवले. निरोपाच्या निधीतून प्राध्यापकांचे पगार! त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं आणि त्या शिक्षणाच्या व्यवहाराशी नाना जन्मभर जोडलेले राहिले. शिक्षण मंडळावर असताना त्यांचं आणि अर्स्किन पेरींचं शिक्षणाच्या माध्यमावरून वाजलं. पेरींना सगळं इंग्रजीतून हवं होतं. नानांनी ठामपणे मांडलं की ज्ञान लोकांपर्यंत जायचं तर ते त्यांच्या भाषेतून गेलं पाहिजे. 1849 साली मुलींच्या शाळा सुरू करायला तरुण मंडळी पुढे आली तेव्हा मराठी मुलींच्या शाळेसाठी नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. घरात देव्हारा, सोवळं, नेमधर्म कडक. त्याच घराच्या आवारात मुली बाराखडी गिरवायला बसल्या. 26 ऑगस्ट 1852 रोजी बॉम्बे असोसिएशन निघाली, तिचे अध्यक्ष नाना. पाच वर्षांनी बंड झालं तेव्हा याच माणसावर सरकारचा संशय गेला, चौकशी झाली, काही निघालं नाही. 1862 मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेकौन्सिलात बसवलं. या काळातला त्यांचा राग, त्यांचा अपमान कुठे नोंदलेला मला सापडला नाही. कामं मात्र चालू राहिलेली दिसतात.

आणि मग संग्रहालय. हा त्यांच्या आयुष्यातला शेवटचा मोठा निधी, आणि मला वाटतं सगळ्यात दुखरा.

मुंबईला एक संग्रहालय असावं म्हणून जॉर्ज बर्डवुड, डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि नाना यांनी वर्गणी उभी केली. भाऊ दाजी नानांपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी लहान. एक सावकार, एक वैद्य, एक साहेब. वर्गणीला कोणाबरोबर जायचं, हे अर्धं काम असतं. एकटं गेलं की माणूस आपली अडचण सांगतो, तिघं गेले की ती गावाची अडचण होते. काळही साथीला होता. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं होतं, तिथला कापूस बंद पडला होता आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. 1862 सालच्या नोव्हेंबरात, आपण ज्याला राणीचा बाग म्हणतो तिथे, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते संग्रहालयाची पायाभरणी झाली.

तीन वर्षांत युद्ध संपलं. कापसाचा भाव कोसळला. बॅकबेच्या भरणीचे आणि असल्या कित्येक योजनांचे शेअर लोकांनी वायद्याने घेऊन ठेवले होते, त्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस होता 1 जुलै 1865. त्या दिवशी मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. लाखोंचे धनी कर्जबाजारी झाले. भाऊ दाजींचीही सगळी मिळकत त्यात बुडाली. ज्यांनी वर्गणीचे आकडे घातले होते त्यांच्याजवळ द्यायला काही उरलं नाही. संग्रहालयाचं काम अर्ध्यावर थांबलं.

त्याच महिन्याच्या 31 तारखेला नाना गेले.

मी याच्यावर फार विचार केला आहे. राणीच्या बागेत अर्धवट भिंती उभ्या आहेत, वर्गणीची यादी हातात आहे आणि यादीतल्या नावांपैकी निम्म्यांची घरं लिलावात आहेत. त्यांना त्या महिन्यात काय वाटलं असेल? मागणाऱ्याचं दुःख इथेच असतं. देणारा एकदाच बुडतो, आपल्या पैशांपुरता. मागणारा प्रत्येक देणाऱ्याबरोबर थोडाथोडा बुडतो. शेवटी सरकारने काम हाती घेतलं आणि 2 मे 1872 रोजी संग्रहालयाचे दरवाजे उघडले. भाऊ दाजींनी ते पाहिलं. ते आणखी दोन वर्षं जगले आणि दरवाजे उघडल्यानंतर एकशे तीन वर्षांनी, 1975 साली, त्या वास्तूला त्यांचं नाव दिलं गेलं. तिथे गेलात तर पाहा. आतली ती उंच छताची हिरवी-सोनेरी दालनं, लोखंडी खांब, काचेच्या कपाटांमागच्या मातीच्या छोट्या बाहुल्या, त्यातला एकेक कारागीर, एकेक जातीचं पागोटं. माझी नात तिथे एका कपाटासमोर तासभर बसली होती.

नानांचा पुतळा टाउन हॉलमध्ये आहे, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने केलेला, संगमरवरी. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या दगडी पायऱ्या चढताना दम लागला. आत पंख्यांची संथ घरघर, वर्तमानपत्रांवर वाकलेली वयस्कर मंडळी, जुन्या कागदाचा वास. पुतळ्यासमोर उभी राहिले आणि मग सहज बाहेर आले, पायरीवर बसले. समोर हॉर्निमन सर्कलची बाग. म्हणजे ते मैदान, जिथे ते पहिलं नाटकघर होतं. जे बुडालं, लिलावात गेलं, ज्याची उरलेली रक्कम खजिन्यात पडली आणि जिच्यासाठी या माणसाने सही केली. पुतळा आणि ती जागा यांच्यामध्ये फक्त रस्ता आहे. हे कोणी ठरवून केलेलं नसणार. मी मात्र तिथे बराच वेळ बसले होते.

आमची संस्था चालू आहे. तालमीची खोली बदलली, दिवे आता वेगळे आहेत, पैसे मोबाइलवरून येतात आणि पावती ई-मेलने जाते. करसवलतीचं प्रमाणपत्र असलं की निम्मं बोलणं वाचतं. तरी पन्नास पावत्यांचं एक छापील पुस्तक मी दर वर्षी काढते आणि पहिली पावती त्याच दुकानात फाडते. काका जाऊन सहा वर्षं झाली. वह्या बांधायचं काम बंद पडलं, तिथे त्यांची सून आता झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवते. भिंतीवरची तार तिने काढलेली नाही.

या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गणपती होऊन गेले तरी मला गिरगावात जाता आलं नाही. परवा दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सूनबाई होती. कोणाकोणाला विचारून तिने माझा नंबर मिळवला होता.

"काकू," ती म्हणाली, "यंदा आला नाहीत. मी पैसे काढून ठेवलेत."